मासळी सुटली, आता ताटात काय आणि ग्लासात काय?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की शाकाहाराकडे वळताय किंवा नुकतेच वळलायत तर अडचणी कळवा, आणि खरंच खूप पत्रं आली, मुंबईतूनच जास्त. सगळी वाचली. एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक पत्रात सारखी दिसली ती आधीच सांगते. मटण-मच्छी सोडली की माणूस पहिल्यांदा ज्यूसरची चौकशी करतो, आणि घरातला कडधान्याचा डबा मात्र होता तिथेच राहतो. मला हे उलटं व्हायला हवंय. रस प्या, मलाही आवडतो, पण तो जेवणाच्या बाजूला. जेवणाच्या जागी नाही. खालच्या उत्तरांत हे पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

प्रश्न : ताई, मी परळला राहतो, वय ४६. गाव कणकवलीजवळ. यंदा आषाढीला पंढरपुरात माळ घातली. आमच्याकडे आठवड्यातले पाच दिवस मासे, घरचे सगळे अजून खातात आणि मी त्यांना काही बोलत नाही. माझ्यासाठी बायको वेगळी बटाट्याची भाजी नाहीतर वरण-भात करते. चार वाजले की पोटात कावळे, मग ऑफिसखाली वडापाव. तीन महिन्यांत ७० चं वजन ७४ झालं आणि तरी अंगात ताकद नाही असं वाटतं. आई म्हणते मासळी सोडलीस म्हणून. माशाच्या कढीचा वास आला की जीव कासावीस होतो हेही खरं आहे. सकाळी गाजर-बीटचा एक ग्लास रस घेतो, तेवढा पुरेल ना?

उत्तर : दादा, रामकृष्णहरी. तुमच्या आईचं अर्धं बरोबर आहे. मासळी सुटली म्हणून ताकद गेली नाही, मासळीच्या जागी बटाटा आला म्हणून गेली.

हिशोब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ७० किलोला ५८ ग्रॅम. पूर्वी सुरमईच्या दोन तुकड्यांत त्यातलं २० ग्रॅम एका फटक्यात यायचं. आता तुमच्या ताटात जे वरण येतं ते, रागावू नका, पण आपल्या घरांत वरण फार पातळ असतं, त्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती हे एकदा बघाच. ३० ग्रॅम कोरडी तूरडाळ शिजवून एक घट्ट वाटी होते आणि त्यात ७ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, पातळ वरणात त्याच्या निम्मंही नाही. आणि गाजर-बीटच्या रसात जवळजवळ काहीच नाही, एकदोन ग्रॅम. तो रस वाईट नाही पण त्याच्याकडून माशाचं काम होणार नाही.

मग ५८ कुठून येणार? चार चपात्यांचं १२, थोड्या भाताचं ४, दोन्ही वेळच्या घट्ट डाळीचं १४, एक वाटी उसळीचं ८-९, दह्याचं ५, एक कप दुधाचं ६ आणि मूठभर शेंगदाण्यांचं ७. झालं की, आलं ५७ पर्यंत, तेही पनीर किंवा सोयाबीनला हात न लावता. ज्या दिवशी उसळ जमणार नाही त्या दिवशी सोयाबीनच्या वड्या, ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, गरम पाण्यात भिजवून नीट पिळून घ्या म्हणजे उग्र वास जातो.

चार वाजताच्या भुकेसाठी खिशात फुटाणे-शेंगदाणे ठेवा. वडापाव कायमचा सोडा असं नाही म्हणत, पण रोजचा नको. ते ४ किलो बहुतेक त्याचेच आहेत.

आता कढीच्या वासाचं. मला वाटतं तुमचा जीव माशापेक्षा जास्त वाटणासाठी कासावीस होतोय. ओलं खोबरं, बेडगी मिरची, धणे, हळद, तिरफळं, वर आमसूल, तो वास बऱ्याच अंशी याचाच असतो आणि यातलं काहीच माळकऱ्याला वर्ज्य नाही. त्याच वाटणात सुरण, कच्ची केळी, आंबाडे, शेवग्याच्या शेंगा घालून बघा. घरी माशाची कढी होते त्या दिवशी वाटण जास्तीचं करून अर्धं आधीच बाजूला काढायचं, म्हणजे वहिनींना दुसरा स्वयंपाक मांडावा लागत नाही, फक्त दुसरं पातेलं. आणि मालवणी माणसाला काळ्या वाटाण्याचं सांबारं मी काय शिकवणार! भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, सोबत आंबोळी किंवा घावणे, आठवड्यातून एकदा तरी झालंच पाहिजे. कांदा-लसूण सोडलायत का ते तुम्ही लिहिलं नाहीत. सोडला असेल तर हिंग, आलं आणि तिरफळ यांच्यावर भर द्या.

तळलेल्या तुकडीची आठवण आली तर काप करा, सुरणाचे, वांग्याचे, कच्च्या केळ्याचे, आणि नीरफणस मिळाला तर त्याचे, दादरच्या मंडईत सीझनला दिसतो. हळद, मसाला, मीठ, आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट खारट रस लावून रव्यात घोळवून तव्यावर. सुरण मात्र आधी आमसुलाच्या नाहीतर चिंचेच्या पाण्यात ठेवायचा नाहीतर घशाला खाज सुटते.

कडधान्यांनी सुरुवातीला गॅस होईल. अर्धी वाटी मुगापासून सुरू करा, मग मटकी, मग चवळी, हरभरा आणि वाटाणे सगळ्यात शेवटी. आठ-दहा तास भिजवायचे आणि ते पाणी फेकायचं. आणि एक काम स्वतःच्या हातात घ्या दादा, रात्री झोपताना उद्याचं कडधान्य तुम्ही भिजत घाला. माळ तुम्ही घातलीय, तिचं काम सगळं वहिनींच्या अंगावर नको.

शेवटचं पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व भाज्या, फळं, धान्य, डाळी यात नसतं, मासे-अंडी-मटणात असतं आणि दूध-दह्यात थोडं असतं. शरीर यकृतात ते साठवून ठेवतं त्यामुळे सोडल्या सोडल्या काही कळत नाही, दोन-चार वर्षांनी कळतं. माझ्या वडिलांनी रिटायर झाल्यावर मांसाहार सोडला आणि दूध त्यांना कधीच आवडलं नाही. तीन वर्षांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, आम्ही वयावर घालत राहिलो आणि शेवटी रक्ताच्या रिपोर्टमध्ये बी-१२ अगदी तळाला निघालं. इंजेक्शनं घेऊन बरंच सुधारलं, सगळं नाही. म्हणून मी हे प्रत्येकाला सांगते. रोज दूध-दही घ्या, आत्ता एकदा आणि मग वर्षातून एकदा बी-१२ तपासा, कमी असेल तर डॉक्टर देतील ती गोळी घ्या. ती माळेच्या आड येत नाही, हे जीवनसत्त्व जंतूंच्या मदतीने तयार करतात, प्राण्यापासून काढत नाहीत. कॅप्सूलचं बाहेरचं आवरण मात्र जिलेटिनचं असू शकतं, म्हणून साधी गोळी मागा.

प्रश्न : मी २४, अंधेरीत पीजीमध्ये राहते, आई-बाबा रत्नागिरीला. चिकन सोडायचं ठरवलंय आणि सुरुवात म्हणून सात दिवस फक्त ज्यूसवर राहून बॉडी डिटॉक्स करावी असं मनात आहे. माझ्याकडे छोटा ब्लेंडर आणि इंडक्शन आहे. कोणते ज्यूस घेऊ?

उत्तर : अगं नको. सात दिवस नको, दोनही नको. शरीरातली घाण काढायचं काम लिव्हर आणि किडनी रात्रंदिवस करतात, त्यांना संत्र्याच्या रसाने सुट्टी मिळत नाही. सात दिवसांत जे वजन उतरेल ते बहुतेक पाणी आणि थोडे स्नायू, दुसऱ्या दिवशी लोकलच्या गर्दीत चक्कर येईल, आणि आठव्या दिवशी एवढी भूक लागेल की चिकन सोडायचा विचारच बारगळेल. असं झालेल्या मुली मी पाहिल्यात. शाकाहार नीट करायचा असेल तर सुरुवात उपाशी राहून करू नकोस.

तुझ्या दोन वस्तूंत खूप काही होतं. रात्री मूठभर मूग भिजव, सकाळी कपड्यात बांध, दुसऱ्या सकाळी मोड आलेले असतील, इंडक्शनवर पाच-सात मिनिटं वाफव, कच्चे नको, लिंबू-मीठ-कांदा घाल. दही-पोहे. दडपे पोहे आणि सोबत वाटीभर दाणे. ब्लेंडरमध्ये केळं-दूध-दाण्याचं कूट. राजमा करणार असशील तर भिजवून पूर्ण मऊ होईपर्यंत उकळलेलाच पाहिजे, अर्धाकच्चा राजमा खाल्ला की उलट्या होतात. तुझ्याकडे कुकर नसेल तर राजमा राहू दे, मसूर आणि मूग लवकर शिजतात.

आणि बाहेर खाताना लक्ष ठेव. पाकिटावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, पूर्वी तोही गोल ठिपका होता तो बदललाय. चायनीज खाताना ऑयस्टर सॉस आणि थाई करीतली कोळंबीची पेस्ट विचारून घे, भाजी दिसली म्हणजे शाकाहारीच असं नसतं.

प्रश्न : आम्ही मुलुंडला दोघंच असतो, दोघांनी मिळून नॉनव्हेज बंद केलंय आणि घरी रोज ताजा ज्यूस काढायचा विचार आहे. मिक्सरमध्ये काढावा की ज्यूसर घ्यावा की ते महागडं कोल्ड प्रेस? दुकानदार म्हणतो साध्या मशीनमध्ये एन्झाइम मरतात. आणि रात्री काढून सकाळी ऑफिसला नेला तर चालेल का?

उत्तर : आधी मिक्सर वापरा, महिनाभर. खरंच रोज होतंय असं दिसलं तर मग मशीन घ्या, कारण माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत ज्यूसर माळ्यावर आहे आणि त्याचं कारण चव नाही, त्याची जाळी धुवायचा कंटाळा. मुंबईच्या दमट हवेत चोथा अडकलेली जाळी दोन तास तशीच राहिली की चिलटं घोंगावतात आणि वास येतो. धुवायचं कोण हे आधी ठरवा.

फरक सांगते. साध्या ज्यूसरमधली जाळी मिनिटाला हजारो वेळा फिरते, रस झटकन निघतो पण फेस खूप येतो, हवा मिसळते म्हणून तो लवकर काळा पडतो आणि चोथा ओलाच राहतो. कोल्ड प्रेस म्हणजे हळू फिरणारा स्क्रू, मिनिटाला साधारण ४० ते ८० फेरे, तो पिळून काढतो, चोथा कोरडा, रस जास्त, पालेभाजी, आलं, आवळा यांचा रस यात चांगला निघतो. पण वेळ लागतो आणि फोडी बारीक कराव्या लागतात. एन्झाइमचं म्हणाल तर फळातली एन्झाइम्स ही प्रोटीनच असतात, पोटातल्या आम्लात ती बहुतेक मोडतात आणि इतर प्रोटीनसारखी पचून जातात, त्यांच्यासाठी एवढे पैसे घालू नका. चव आवडली, रोज आवळा-आलं काढणार असाल, तर घ्या.

मोसंबी-संत्र्याला यातलं काहीच नको, हाताने पिळायचं साधं यंत्र पुरे. मिक्सरमध्ये काढलात तर बिया आणि पांढरी साल पूर्ण काढा नाहीतर कडू होतो, आणि काढून ठेवलेला मोसंबीचा रस तासाभरात आपोआपही कडवट व्हायला लागतो, बिया काढल्या तरी. म्हणून मोसंबी काढली की प्यायची. मिक्सरला फार वेळ फिरवू नका, थांबून थांबून वीस-तीस सेकंद, पाणी अगदी थोडं. पाणी उकळून गार केलेलं आणि बर्फही त्याच पाण्याचा. घरचा ज्यूस काढायचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण हेच आहे, बाहेर फळ चांगलं असलं तरी बर्फ कुठला ते कळत नाही आणि पावसाळ्यात कावीळ-टायफॉइड पाण्यातूनच येतात.

आता रात्री काढून सकाळी नेण्याचं. नका करू असं माझं मत. अगदीच नाइलाज असेल तर काचेच्या बाटलीत तोंडापर्यंत भरून, वर हवा न ठेवता, लिंबू पिळून फ्रीजमध्ये, आणि सकाळी निघताना प्यायचा, मुलुंड ते सीएसएमटी बॅगेत गरम होत न्यायचा नाही. त्यापेक्षा आगळ न्या. घट्ट आगळाची छोटी बाटली, ऑफिसात पाण्यात दोन चमचे, चिमूट जिरेपूड, आगळात मीठ असतंच. साखर नाही आणि खराब होत नाही.

किती प्यायचा हे कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. एका संत्र्यातून ६०-७० मिली रस येतो, म्हणजे ग्लासभरासाठी तीन-चार संत्री. चार संत्री सोलून खाल्लीत तर दोनातच पोट भरेल, रस मात्र घटाघट जातो, साखर सगळी येते आणि चोथा सगळा कचऱ्यात. जागतिक आरोग्य संघटना फळाच्या रसातल्या साखरेलाही वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवते. म्हणून फळाचा रस दिवसाला एक लहान ग्लास, १५० मिली, बस. भाजीचा असेल तर थोडा जास्त चालेल. गाजर-टोमॅटो-आलं असा काढलात तर सोबत चार बदाम किंवा दाणे खा, गाजरातलं कॅरोटीन शरीरात शिरायला थोडं स्निग्ध लागतं. सफरचंद काळं पडतं म्हणून आधीच लिंबू पिळा. कलिंगड गाळू नका, ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं त्यात, गाळायला आहे काय. आणि गाजर-बीटचा चोथा फेकू नका, थालीपिठाच्या भाजणीत मळा, छान रंग येतो आणि फेकलेलं पोटात जातं.

प्रश्न : मी पार्ल्याला राहते, वय ६४. आमचे हे ६८ वर्षांचे, डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मटण बंद केलं. आता सकाळी गार्डनमध्ये फिरायला जातात तिथे गेटबाहेर एक गाडी लागते, तिथला दुधीचा नाहीतर कारल्याचा रस रोज पिऊन येतात. सगळा ग्रुपच घेतो म्हणे. मला का कोण जाणे भीती वाटते.

उत्तर : काकू, भीती योग्य आहे, आणि हे उत्तर काकांना मोठ्याने वाचून दाखवा.

दुधी, काकडी, दोडका, कोहळा ही सगळी एका कुळातली. यांच्यात कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं, एरवी नगण्य, पण कधीकधी एखाद्या वेलावरच्या दुधीत ते फार वाढतं. बाहेरून ओळखू येत नाही, हिरवागार कोवळा असतो. असा कडू दुधी रस करून प्यायला तर थोड्याच वेळात पोटात भयंकर कळा, उलट्या, रक्ताच्या उलट्या, जुलाब, बीपी एकदम खाली, आणि यावर उतारा म्हणून काही औषध नाही, फक्त लक्षणांवर उपचार करता येतात. आपल्या देशात यातून माणसं दगावली आहेत. त्यानंतर आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि २०१२ मध्ये तिचा अहवाल छापून आला. त्यांचं सांगणं अगदी साधं आहे. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर पूर्ण दुधी फेका, दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर मळमळ, पोटदुखी वाटली तर थेट हॉस्पिटल गाठा.

आता गार्डनच्या गेटवरची गाडी आठवा. पाच-सहा दुधी एकत्र पिळून डब्यात भरलेले, त्यातला एक कडू असला तर चाखणार कोण? वर आवळा, आलं, पुदिना, लिंबू घातलेलं, म्हणजे कडूपणा झाकलेला. आणि आपल्याकडे मनात बसलेलं असतं की औषधी म्हणजे कडूच असणार, मग माणूस नाक दाबून संपवतो. काकू, हेच नेमकं घात करतं. दुधी कडू लागला तर तो औषध नाही, विष आहे. तो रस बंद. दुधी खायचा असेल तर भाजी करा, चणाडाळ घालून, तीही चाखून, कारण शिजवल्याने कडूपणा जात नाही.

कारलं वेगळं, ते कडूच असतं. पण कारल्याचा रस आणि शुगरच्या गोळ्या एकत्र आल्या तर साखर जास्त उतरू शकते, सकाळी उपाशीपोटी चालून आल्यावर तर नक्कोच. त्यांच्या डॉक्टरांना हे पितात म्हणून सांगितलंय का? बहुतेक नसेल. आणि गोळी मेटफॉर्मिन असेल, बऱ्याच जणांची असते, तर ती वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी करते, त्यात आता मटणही बंद झालं. पुढच्या तपासणीत बी-१२ लिहून घ्या. फळांचे रस त्यांना अजिबात नकोत, फळ खाऊ देत, अख्खं, एका वेळी एक. फिरून आल्यावर पातळ ताक, जिरं-कढीपत्ता घालून. ग्रुपमध्ये हे त्यांनी बाकीच्यांनाही सांगावं ही माझी विनंती आहे.

प्रश्न : लग्नानंतर सासरी गिरगावात सगळे शाकाहारी म्हणून मीही दोन वर्षांपासून शाकाहारी झाले. हिमोग्लोबिन ९ आलंय. सासूबाई रोज प्रेमाने बीटचा रस देतात रक्त वाढायला. तीन महिने झाले, वाढलं नाही.

उत्तर : सासूबाईंचं प्रेम खरं आहे पण बीटचा रंग फसवतो. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह जेमतेम १ मिलिग्रॅमच्या आत. फार तर लघवी लाल होईल, रक्त नाही वाढणार.

९ म्हणजे तुला आता फक्त खाण्याने भरून निघणार नाही, डॉक्टरांकडे जा, लोहाच्या गोळ्या लागतीलच, आणि पाळीत रक्त जास्त जातंय का, जंत आहेत का हेही बघायला हवं, बी-१२ सुद्धा. गोळ्यांबरोबर खाण्यात मग हे कर. माशा-मटणातलं लोह शरीर सहज घेतं, भाजी-डाळीतलं तितक्या सहज घेत नाही, त्याला सी जीवनसत्त्वाचा धक्का लागतो. म्हणून वरणावर लिंबू, उसळीवर कोथिंबीर-लिंबू, जेवणात आवळ्याचं लोणचं किंवा पेरूची फोड. रस प्यायचाच आहे ना, तर बीटऐवजी आवळ्याचा, दोन चमचे रस पाण्यात, आणि तो जेवणासोबत. आळिवाचे लाडू, राजगिरा, मटकी, चवळीच्या पानांची भाजी, लोखंडी कढईत केलेली. आणि जेवणावर चहा नको! गिरगावात जेवून उठल्यावर लगेच कप हातात येतो मला माहितीये, पण चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं. तासभर थांब.

प्रश्न : बोरिवलीहून लिहितेय. मुलगा चार वर्षांचा, फळाला तोंड लावत नाही, म्हणून टिफिनसोबत खोक्यातला शंभर टक्के फ्रूट ज्यूस देते. चालेल ना?

उत्तर : शंभर टक्के हा शब्दच आता खोक्यावर छापता येत नाही. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, जून २०२४ मध्ये कंपन्यांना तो दावा लेबलवरून आणि जाहिरातींतून काढायला सांगितलं, कारण बरेचसे रस घट्ट अर्कात पाणी मिसळून केलेले असतात. मागची बारीक अक्षरं वाच, बऱ्याचदा अर्क दिसेल, कधी साखरही.

घरचा रस दिलास तरी या वयात दिवसाला अर्धा कप, १२० मिलीच्या आसपास, पुरे, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर रस द्यायचाच नाही असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच सांगितलंय. टिफिनला साधं पाणी दे. फळासाठी त्याला सोबत बाजारात ने, चिकू, पेरू, जांभळं त्याला स्वतः निवडू दे, हात काळे-निळे होऊ देत. माझ्या भाचीने जांभळाने जीभ जांभळी होते एवढ्यासाठी फळ खायला सुरुवात केली. दहा वेळा नाही म्हणेल, अकराव्या वेळी खाईल, तू ताटात ठेवत राहा आणि मागे लागू नकोस.

प्रश्न : ताई, वसईहून छोटासा प्रश्न. पपईचा मिल्कशेक घरी केला की कडू होतो, बाहेर होत नाही. का?

उत्तर : पपईत पपेन असतं, ते दुधातलं प्रोटीन तोडतं आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. अननसाचंही तसंच, त्यातल्या ब्रोमेलेनमुळे. जितका वेळ ठेवाल तितका कडू, बाहेर तो समोर करून लगेच हातात देतात म्हणून कळत नाही. पूर्ण पिकलेली पपई घ्या, दूध एकदम गार, फिरवला की लगेच प्या. अननस घालायचा असेल तर फोडी आधी दोन-तीन मिनिटं पाण्यात उकळून गार करून मग घाला.